समई, कंदील आणि विजेचा दिवा

गेल्या आश्विनातील गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात महाजनांची सभा भरली होती आणि आम्हांसही तिला उपस्थित राहण्याचा योग आला. सभेपुढील विषय वरकरणी लहानसाच होता. देवळाच्या प्रांगणातील दीपस्तंभावर त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री पणत्या लावण्याची तेथे जुनी चाल आहे. त्या पणत्यांना रजा देऊन त्यांच्या जागी विजेच्या दिव्यांची कायमची आरास करावी, ती यंत्राच्या योगाने क्षणोक्षणी रंग पालटील आणि बाराही महिने देऊळ दूरवरून उठून दिसेल, अशी सूचना एका तरुण सभासदाने मांडली. तिच्यासाठी जो खर्च सांगण्यात आला तो देवस्थानच्या सबंध वर्षाच्या दिवाबत्तीच्या खर्चाहून अधिक होता. एका वृद्ध महाजनांनी तत्काळ हरकत घेतली. ते म्हणाले, ‘‘पणती आणि वात ह्यांपेक्षा स्वस्त ते काय? वाडवडिलांना जे पुरले ते आपणांस का पुरू नये?’’ त्यावर तरुणाने उत्तर दिले, ‘‘तेल, वाती आणि माणसे ह्यांचा हिशेब कोणी मांडला आहे काय? जुने आपणांस परवडत नाही म्हणूनच मी नवे सुचवितो.’’

दोन्ही पक्षांच्या मुखी शब्द एकच होता : परवडणे. तथापि त्या शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात वेगवेगळा होता हे आम्हांस त्याच वेळी जाणवले. एकाच्या दृष्टीसमोर वस्तूची किंमत होती, दुसऱ्याच्या दृष्टीसमोर ती चालविण्याचा खर्च. सभा दुसऱ्या दिवसावर ढकलली गेली. घरी परतताना आमच्या मनात असे आले, की दिव्याचा हा वाद काही आजचा नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो निदान तीन वेळा घातलेला आहे : एकदा रॉकेल आले तेव्हा, एकदा गॅसबत्ती आली तेव्हा आणि एकदा वीज आली तेव्हा. तेव्हा त्यांनी काय केले व त्याचे फळ काय मिळाले, हे पाहिल्यावाचून आजच्या प्रश्नाचा निकाल लावणे म्हणजे अंधारात पाऊल टाकण्यासारखेच होय.

प्रथम तेलाच्या दिव्याचाच विचार करू. कारण तो स्वस्त होता अशी आपली सर्वांची दृढ समजूत आहे. ही समजूत कितपत खरी? तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर चोळ सम्राट राजराज ह्याने बांधविले, ते इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. त्या मंदिराच्या शिलालेखांत नंदादीपांसाठी दिलेल्या देणग्यांचा काटेकोर हिशेब कोरलेला आहे. एक दिवा अखंड तेवत ठेवण्यास लागणारे तूप मिळावे म्हणून ९६ मेंढ्या, अथवा ४८ गाई, अथवा १६ म्हशी नेमून देण्यात येत. जनावरे धनगरांच्या व गवळ्यांच्या स्वाधीन केली जात आणि त्यांनी रोजचे ठराविक तूप मंदिरास पोचते करावयाचे असे. कळपातील जनावर मेले तरी कळपाची संख्या घटता कामा नये, असाही दंडक त्या काळच्या अशा देणग्यांस असे. वाचकहो, क्षणभर कल्पना करा : देवापुढील एका ज्योतीमागे ९६ मेंढ्यांचा कळप उभा आहे! त्या ज्योतीस ‘साधी’ म्हणता येईल. पण ‘स्वस्त’ म्हणता येईल काय?

दूर दक्षिणेतील हे उदाहरण सोडून आपल्या भूमीत यावे, तरी तेच दिसते. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्या मठाला मिळालेल्या देणग्यांचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे आणि त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. तेलाच्या घाण्यांवर पळीपळी तेलाचा हक्क त्यात मठाला लावून दिलेला आहे. राजा जमीन देई, व्यापारी मालावरील हिस्सा सोडीत, आणि घाणा चालविणारा तेली पळीभर तेल देई. अशा थेंबाथेंबांनी दिवा तेवत राही. कोकणात आणि गोमंतकातही देवाच्या तेलवातीसाठी जमिनी व माड लावून देण्याची चाल सर्वश्रुत आहे. थोडक्यात, एका दिव्याचा खर्च सबंध गाव वाटून घेत असे, आणि म्हणूनच तो कोणाच्याही एकट्याच्या डोळ्यांवर येत नसे.

घरांची स्थिती निराळी. देवापुढे खोबरेल अथवा तिळेल जळे. पण ओटीवर आणि गोठ्यात कोकणातला सामान्य माणूस उंडीचे किंवा करंजाचे कडू तेल जाळी. ह्या तेलास उग्र दर्प येई, धूर येई, आणि तरीही ते जपून वापरावे लागे. दिवेलागणीला दिवा लागला, ‘शुभं करोति’ झाले, जेवणे उरकली, की दिवा मालवायचा हा बहुतेक घरांचा नेम होता. सधन देवस्थानांनी सभामंडपात काचेच्या हंड्या व झुंबरे टांगली. हंडीत खाली पाणी व वर तेल घालून वात लावीत. पाण्यामुळे तेल थोडे लागे आणि प्रकाश काचेतून पसरे. काटकसर आणि थाट ह्या दोहोंचा मेळ घालणारी ही युक्ती आम्हांस नेहमीच कौतुकास्पद वाटत आली आहे.

अशा काळात रॉकेल आले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, टायटसव्हिल येथे, २७ ऑगस्ट १८५९ रोजी ड्रेक नावाच्या गृहस्थाने खोदविलेल्या विहिरीस खनिज तेल लागले. तेथून पुढे अवघ्या काही दशकांत ते तेल शुद्ध होऊन आपल्या बाजारपेठांत आले. आपल्या भाषेने त्याचे स्वागत कसे केले ते पाहा. खडकातून निघालेले तेल म्हणून इंग्रज त्यास ‘रॉक ऑइल’ म्हणत. आपण त्याचे ‘रॉकेल’ केले. ‘गॅसलाइट’ ह्या शब्दाचे ‘घासलेट’ झाले. पुढे ‘घासलेटी’ हे विशेषणही रूढ झाले, आणि त्याचा अर्थ हलके, भडक, क्षणिक असा झाला. नव्या वस्तूचा उपयोग करावयाचा पण तिला मान द्यावयाचा नाही, हा आपल्या समाजाचा स्वभाव ह्या एका शब्दात साठविलेला आहे!

तथापि रॉकेलचा उपकार लहान नव्हता. ते तेलबियांच्या तेलाहून स्वस्त पडे. ते पातळ असल्यामुळे वातीतून सहज चढे आणि ज्योत उजळ करी. दिवा करण्यास फारसे भांडवलही लागत नसे. पत्र्याची डबी, तिच्या झाकणास भोक आणि भोकात चिंधीची वात, एवढ्याने चिमणी तयार होई. रात्रीचा अभ्यास, रात्रीचे विणकाम, बाळंतिणीच्या खोलीतील रात्रभरचा उजेड ह्या गोष्टी गरिबाच्या आवाक्यात आल्या त्या रॉकेलमुळे. ज्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून ते येई ते रिकामे डबेसुद्धा फुकट जात नसत. पाणी भरावयास, धान्य साठवावयास, छपरावर पत्रा म्हणून ठोकावयास त्यांचा उपयोग होई, आणि तेलाचे माप म्हणून ‘डबा’ हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे.

परंतु ह्या स्वस्ताईची दुसरी बाजूही होती. चिमणी काजळी धरी, छत काळे करी, छातीत धूर भरी, आणि कलंडली तर घर पेटवी. त्याहून मोठी गोष्ट ही, की तेल आता गावच्या घाण्यावरून येत नव्हते. पूर्वी दिव्याचा पैसा गावातील तेल्यास व शेतकऱ्यास मिळे. आता तो समुद्रापलीकडे जाऊ लागला. दिवा स्वस्त झाला, पण दिव्यावरील गावाची सत्ता गेली. पुष्कळ देवस्थानांनी गाभाऱ्यात रॉकेल येऊ दिले नाही ते केवळ सोवळ्याच्या कल्पनेमुळे, असे म्हणणे आम्हांस अर्धसत्य वाटते. धुराने देवाची मूर्ती व भिंतींवरील चित्रे काळवंडतात हे पुजाऱ्यांस डोळ्यांनी दिसत होते.

चिमणी आणि झुंबर, अर्थात अगदी स्वस्त व अगदी महाग, ह्यांच्या मधली वाट दाखविली ती कंदिलाने. जॉन आयर्विन नावाच्या अमेरिकन कारागिराने दोन बाजूंस पोकळ नळ्या असलेल्या कंदिलाचे हक्क १८६९ साली घेतले. त्या नळ्यांतून हवा ज्योतीकडे मोजकी जाते आणि वाऱ्याचा झोत तिला विझवू शकत नाही. त्यानेच १८७३ साली केलेल्या सुधारणेत ज्योतीस जळलेल्या उष्ण हवेऐवजी बाहेरची ताजी हवा मिळू लागली आणि प्रकाश अधिक शुभ्र झाला. वादळातही टिकणारा म्हणून हा कंदील जगभर पसरला. आपल्याकडे तो परदेशाहून येई आणि चिमणीच्या मानाने बराच महाग पडे. तरी ज्या शेतकऱ्यास पावसाळी रात्री गोठ्यात जावयाचे आहे, ज्या पुजाऱ्यास पहाटे तळीच्या पायऱ्या उतरावयाच्या आहेत, त्यास त्याचे मोल पटे.

येथे आपल्या इतिहासातील एक उज्ज्वल प्रकरण सुरू होते. अंताजी दामोदर काळे ह्यांनी वर्षाला माणशी एक पैसा जमवून देशी धंद्यांस साह्य करण्याची कल्पना काढली आणि लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. ह्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. औंधाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे कलांचे व उद्योगांचे चाहते होते. कारखान्याच्या वसाहतीस ओगलेवाडी हे नाव पडले, आणि तेथे पुढे जो कंदील तयार होऊ लागला त्यास बंधूंनी आपल्या वडिलांचे ‘प्रभाकर’ हे नाव दिले. प्रभाकर म्हणजे सूर्य. पित्याचे स्मरण आणि वस्तूचे वर्णन एकाच शब्दात साधणारे इतके नेमके नाव क्वचितच एखाद्या मालास लाभले असेल.

‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून खुंटीवर टांगला गेला. विचार करण्यासारखी गोष्ट ही, की तो चिमणीहून महागच होता. मग लोकांनी तो का घेतला? एक तर तो दुरुस्त करता येई. काच फुटली तर काच मिळे, वात संपली तर वात मिळे. सबंध कंदील टाकून द्यावा लागत नसे. दुसरे, तो विझत नसे आणि सहसा पेटवीतही नसे. तिसरे, त्यावर खर्चलेला पैसा कऱ्हाडच्या कामगाराच्या घरी जाई. तेल परदेशचे असले, तरी दिवा तरी आपला झाला होता. काळाच्या ओघात विजेने कंदिलास मागे टाकले आणि ओगलेवाडीचा तो कारखानाही बंद पडला. पण महाग आणि स्वस्त ह्यांचा निवाडा कसा करावा, ह्याचा धडा तो घालून गेला आहे.

आता गॅसबत्तीकडे वळू. ऑस्ट्रियातील रसायनशास्त्रज्ञ आउअर ह्याने १८८५ साली दिव्याच्या जाळीचा, म्हणजेच मँटलचा शोध लावला आणि १८९१ पर्यंत ती सुधारली. सुताची जाळी थोरियम व किंचित सेरियम ह्या धातूंच्या क्षारांत भिजवितात. पहिल्यांदा पेटविली की सूत जळून जाते आणि उरलेला राखेचा सांगाडा तप्त होऊन शुभ्र तेजाने झळकतो. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ ह्याने १९१० च्या सुमारास दाबाने चालणारा रॉकेलचा दिवा बाजारात आणला, तोच पेट्रोमॅक्स. टाकीत हवा भरावयाची, स्पिरिटने नळी तापवावयाची, रॉकेलची वाफ झाली की ती जाळीत पेटवावयाची. मग सूं असा आवाज करीत तो दिवा सबंध मांडव उजळून टाकी. आपल्या लोकांनी त्याला ‘बत्ती’ ह्या एकाच शब्दाने ओळखले. पालखीपुढे बत्त्या डोक्यावर घेऊन चालणारी माणसे, दशावतारी नाटकात रंगमंचाच्या दोहों बाजूंस टांगलेल्या बत्त्या आणि मध्येच प्रकाश मंदावला की पंप मारावयास धावत येणारा गडी, ही दृश्ये आमच्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात आहेत.

ह्या जाळीची एक कथा फारशी कोणास ठाऊक नसते. जाळीस लागणारे थोरियम मिळते मोनाझाइट नावाच्या वाळूतून. आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकास, त्रावणकोरच्या मनवाळकुरिची येथील किनाऱ्यावर, ती वाळू विपुल असल्याचे शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली ओळखले. युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूच्या कणांवरून त्यास हा सुगावा लागला, असे सांगतात. वाळू आपल्या देशची; तिचे मोल ओळखणारा परका; आणि तिच्यापासून झालेली जाळी आपणच विकत घेऊन देवाच्या पालखीपुढे पेटवावयाची, असा तो फेरा होता.

गॅसबत्ती महाग होती. एका साधारण घरास ती घेणे शक्य नव्हते आणि रोज लागतही नव्हती. लोकांनी काय केले? ती भाड्याने आणली. गावात एक-दोघांकडे बत्त्या असत. लग्नकार्यास, जत्रेस, नाटकास त्या भाड्याने जात. जी वस्तू वर्षातून चार रात्री लागते ती विकत घेऊन घरात ठेवू नये, हा व्यवहार कोणी पुस्तकात शिकविला नव्हता. आज घरोघरी नव्या नव्या यंत्रांची जी गर्दी झाली आहे तीकडे पाहिले म्हणजे आम्हांस त्या बत्तीवाल्याची आठवण होते.

विजेचा प्रवेशही एकाएकी झाला नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. १८८२ साली क्रॉफर्ड मंडईत विजेचे दिवे लावून पाहिले. पण ते काम करणारी कंपनीच लवकर बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले! नवे तंत्र आले म्हणजे ते टिकलेच असे नव्हे, हे मुंबईने तेव्हाच अनुभविले. पुढे १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत्‌केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीवरचा पाऊस मुंबईच्या गिरण्या चालवू लागला. परंतु खेड्यांपर्यंत वीज पोचण्यास कित्येक दशके लागली. २०११ च्या जनगणनेतही देशातील ३१.४ टक्के कुटुंबे प्रकाशासाठी मुख्यतः रॉकेलवरच अवलंबून होती. ज्यास आपण जुनाट समजतो ते कालपरवापर्यंत आपल्याच कोट्यवधी बांधवांचे आजचे होते, हे विसरून चालणार नाही.

विजेच्या दिव्यातही स्वस्त-महागाचा गुंता आहेच. तारेचा जुना बल्ब विकत घेण्यास अत्यंत स्वस्त. पण त्यास दिलेल्या विजेपैकी फार थोडा, साधारण विसावा हिस्सा, प्रकाश होतो व बाकीची उष्णता होऊन वाया जाते. त्यातही १९२४ साली जगातील प्रमुख बल्ब-उत्पादकांनी जिनेव्हा येथे एकत्र येऊन घरगुती बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवण्याचा संकेत केला आणि ज्याचा बल्ब अधिक टिके त्यास दंड आकारला. बल्ब अधिक टिकविण्याची विद्या नव्हती असे नव्हे. पण अधिक टिकणारा बल्ब विकणाऱ्यास परवडत नव्हता. ‘परवडणे’ ह्या शब्दास ही तिसरी बाजू आहे, आणि गिऱ्हाइकास ती सहसा दाखविली जात नाही.

मग आला आजचा एलईडी दिवा. निळा प्रकाश देणारा असा दिवा सिद्ध केल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कारण निळ्या प्रकाशावाचून पांढरा प्रकाश साधत नव्हता. त्याच वर्षी आपल्या सरकारी योजनेसाठी असा एक बल्ब ३१० रुपयांस खरेदी केला जात होता. दहा-पंधरा रुपयांच्या तारेच्या बल्बापुढे ही किंमत अवाच्या सवा वाटावी. पण हिशेब मांडून पाहा. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिटे वीज खातो; जवळजवळ तितकाच प्रकाश देणारा ९ वॅटचा एलईडी सुमारे १६ युनिटे. वर्षाकाठी ९३ युनिटांची बचत! ज्याने केवळ दुकानातील किंमत पाहिली त्याने स्वस्त बल्ब घेतला आणि वर्षभर महागाचा दिवा जाळला. आणि ज्याने दोन वर्षे वाट पाहिली त्याचाही लाभच झाला. कारण घाऊक खरेदीमुळे २०१६ पर्यंत तीच खरेदीची किंमत ३८ रुपयांवर आली. नव्याचे पहिले गिऱ्हाईक होण्याचीही एक किंमत असते.

येथवर आम्ही तेलाचा, काचेचा आणि विजेचा हिशेब मांडला. परंतु एक रक्कम अद्याप मांडावयाची राहिली आहे, आणि देवस्थानांच्या जुन्या वह्यांतही ती सापडत नाही. दिवा लावणारे हात कोणाचे होते? गोमंतकातील आणि दक्षिण कोकणातील देवळांत झाडलोट करणे, समया उजळणे, वाती सारणे, दिवट्या धरणे ही कामे वंशपरंपरेने भाविणी आणि देवळी ह्यांच्याकडे असत. ही सेवा होती, असे आपण म्हणतो. आणि तिच्यात भक्ती नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. पण ती सोडण्याची मोकळीक त्यांस नव्हती, आणि सेवेबरोबर जो कलंक समाजाने त्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, कपाळी मारला तो देवाने सांगितलेला नव्हता. राजाराम पैंगीणकर ह्यांच्यासारख्या सुधारकांनी आणि गोमंतक मराठा समाजाने विसाव्या शतकात ह्या बंधनाविरुद्ध आवाज उठविला, मुलाबाळांस शाळेत घातले, आणि त्या घरांतून पुढे विद्या व कला ह्यांत नाव मिळविणारी माणसे निघाली. पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्रास ‘मी कोण?’ असे नाव दिले. ज्यांच्या हातांनी शतकानुशतके आपले दिवे लावले त्यांतील एकाने विचारलेला हा प्रश्न आहे.

म्हणून ‘पूर्वीचा दिवा स्वस्त होता’ असे कोणी म्हणाले की आमच्या मनास टोचणी लागते. तो स्वस्त होता ह्याचे एक कारण, त्याची मजुरी कोणी दिलीच नाही. घरातही हेच. रोज तिन्हीसांजेस कंदिलाच्या काचा राखेने पुसणारी, वाती वळणारी, तेल जपणारी ती घरची बाईच. कळ दाबताच लागणाऱ्या दिव्याने तिचे जे श्रम वाचविले त्यांची किंमत कोणत्याही बिलात दिसत नाही. पण ती मोठी आहे.

ह्या सर्व इतिहासातून आम्हांस चार प्रश्न सुचतात. वस्तू घेण्यास किती लागते हा एक. ती चालविण्यास वर्षाला किती लागते हा दुसरा. ती बिघडली तर आपल्या गावात दुरुस्त होते की टाकून द्यावी लागते हा तिसरा. आणि तिच्यासाठी कोणाचे श्रम खर्ची पडतात व त्यांस त्याचा मोबदला मिळतो काय, हा चौथा. महाग कंदील ह्या कसोटीस उतरला. स्वस्त चिमणी उतरली नाही. नवा एलईडी उतरला. स्वस्त जुना बल्ब उतरला नाही. म्हणजे जुने तेवढे काटकसरीचे व नवे तेवढे उधळपट्टीचे, हा सिद्धान्त टिकत नाही; त्याचप्रमाणे नवे तेवढे सोयीचे, हाही टिकत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत आम्ही हेच आमच्या परीने सांगितले. चर्चा पुष्कळ झाली. रंग पालटणाऱ्या आराशीचा यंत्रभाग बिघडल्यास तो दुरुस्त करण्यास माणूस शहरातून येईल आणि पाच वर्षांनंतर सुटे भाग मिळतील किंवा नाही हे विक्रेता सांगू शकत नाही, असे चौकशीत निघाले. तेव्हा तो विचार तूर्त सोडण्यात आला. मात्र प्रदक्षिणेची वाट, तळीच्या पायऱ्या, अग्रशाळा आणि स्वयंपाकघर येथील सर्व जुने बल्ब काढून साधे एलईडी लावावेत, असे एकमताने ठरले. पायऱ्यांवर वृद्ध माणसे घसरतात हे सर्वांस मान्य होते. गाभाऱ्यातील समई व नंदादीप जसेच्या तसे ठेवावयाचे. त्यांचा प्रकाश मोजून पाहिला तर अगदीच थोडा भरेल. पण तेथे दिवा दिसण्यासाठी नसून देवाजवळ बसण्यासाठी असतो, असे वृद्ध महाजन म्हणाले, आणि ह्यावर तरुणानेही वाद घातला नाही.

दीपस्तंभाचे काय? मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाची किंवा म्हार्दोळच्या म्हाळसेपुढील थरांवर थर चढलेल्या पितळी समईची ज्यांस सवय आहे, त्यांस दीपस्तंभ म्हणजे केवळ प्रकाशाचे साधन वाटत नाही. ते एका रात्रीचे सामुदायिक कार्य आहे. म्हणून पणत्या राहिल्या; पण जुन्या रीतीने नव्हे. पणत्या कुंभाराकडून घ्याव्यात, त्यास पुरती किंमत द्यावी. तेल गावकऱ्यांनी घरटी आणावे. लावण्यास सर्वांनी यावे, त्यात अमक्याचा मान व तमक्याची चाकरी असा भेद नसावा. आणि जे वरच्या थरांवर चढतील त्यांस मजबूत शिडी व रीतसर मजुरी मिळावी, असा ठराव झाला.

कार्तिकी पौर्णिमेस आम्ही मुद्दाम गेलो. वारा सुटला होता. खालच्या थरांवरील पणत्या मुले लावीत होती, वाऱ्याने विझत होत्या, पुन्हा लावीत होती. ज्या तरुणाने आराशीची सूचना आणली होती तोच शिडीच्या पायथ्याशी हातात एलईडीची विजेरी घेऊन चढणाऱ्यांस उजेड दाखवीत उभा होता. सर्व थर उजळल्यावर विजेरी बंद करून त्याने खिशातून वही काढली आणि पणत्यांच्या प्रकाशातच त्या रात्रीचा जमाखर्च लिहिला : पणत्या इतक्या, तेल इतके, वाती इतक्या. खाली एक नवे सदर त्याने स्वतःच्या हाताने आखले होते. त्यात शिडीवर चढलेल्यांची नावे व त्यांस दिलेली मजुरी होती.